रोटाचं विमान

उखानाना कुणालाही पहिल्यांदा भेटले की नमस्काराच्या आधी त्याचं वजन सांगत. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि आम्ही दोघं नवराबायको त्यांच्या घराच्या पुढच्या खोल्या बघायला गेलो, तेव्हा हे गृहस्थ ओट्यावर उकिडवे बसले होते. मला डोक्यापासून पायापर्यंत एकदाच न्याहाळून म्हणाले, "सव्वा मन. वर थोडं." मग आमच्या ह्यांच्याकडे वळले. "पावनेदोन. पोट धरीसन."

मी तिथूनच परत फिरणार होते. तेवढ्यात आतून एक ठणठणीत आवाज आला, "बाई, त्यानाकडे ध्यान देऊ नका. त्याले मानूस आनि कापूसनी गठान एकच दिसस!"

त्या आवाजासाठी आम्ही खोल्या घेतल्या म्हटलं तरी चालेल. तो आवाज अक्काचा. अक्का म्हणजे नानांची थोरली भावजय. सासू लवकर गेली तेव्हा हा एवढासा दीर तिच्या पदरी आला. पुढे नवराही गेला आणि घरात ही दोघंच उरली. भाऊबंदांची बाकीची घरं त्याच गल्लीत, भिंतीला भिंत लावून. उखा हे उखर्डूचं छोटं रूप. थोरल्या भावानंतरची मुलं जगली नाहीत, म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे सटवीने ढुंकून बघू नये. सटवीने बघितलं नाही हे खरं, पण पुढे मुलींच्या बापांनीही बघितलं नाही. नाना बिनलग्नाचे राहिले आणि जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या काट्यावर कारकून झाले. वजनाचं वेड तिथलंच असणार, असं मी आपलं धरून चालले होते.

दुसरं वेड 'कॉन्टॅक'चं. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी नाना मोठ्याने "कॉन्टॅक!" असं ओरडत. सायकलवर टांग टाकताना कॉन्टॅक, विहिरीत बादली सोडताना कॉन्टॅक, भाकरीचा पहिला तुकडा मोडताना कॉन्टॅक. विमानाचा पंखा हाताने फिरवणारा माणूस आणि आत बसलेला वैमानिक एकमेकांना तसं ओरडून सांगतात आणि मगच इंजिन सुरू होतं, हे मला नंतर कळलं. गल्लीची समजूत मात्र ती कुठल्यातरी पिराची आण आहे अशी होती. अक्का म्हणे, "देवनं नाव ले रे, एक दिन घास अटकी." एकदा खरंच अटकला. डोळे पांढरे झाले, अक्काने पाठीत गुद्दे घातले, मी पाणी घेऊन धावले, आणि श्वास परत आल्यावर ह्या माणसाने पहिला शब्द काढला तो "कॉन्टॅक."

हे सगळं आलं होतं बसऱ्याहून. पहिल्या महायुद्धाला आमच्याकडे बसऱ्याची लढाईच म्हणत. त्या लढाईत नाना गुदामावर कारकून म्हणून गेले होते. गुदामासमोरच विमानांचा तळ होता. तिथे ते एकदा विमानात बसले होते, असं त्यांचं म्हणणं होतं. ही हकीकत ते ओट्यावर दर आठ-पंधरा दिवसांनी सांगत आणि दर वेळी विमान थोडं अधिक उंच जाई.

"साहेब माले बोलना," नाना सांगत, "उखा, तू बठना नही ते हाई ईमान उडाव नही!"

"आसं बोलना?" भाऊबंदांतले सगळ्यांत वडील आबा विचारत. आबांचा फेटा एवढा मोठा, की माणूस फेट्याखाली राहायला आल्यासारखा वाटे.

"आसंच बोलना. मंग मी बठनू. बसरा आसा खाले, वाळत घालेल पापड सारखा!"

सगळे पोट धरून हसत. नानाही हसत. गल्लीने, जिनाने, अख्ख्या धुळ्याने त्यांना थापाड्या म्हटलं तरी त्यांचं काही अडत नसे. पण आतून अक्काचा आवाज यायचा, "खोटं. बठ्ठं खोटं. गुदाममा बठीसन शेंगा खादा व्हतीन." आणि नानांचं हसणं बंद व्हायचं. त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवरून उठत. अक्काने लहानपणी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, खोटं बोलू नये. त्याच अक्काने आपल्याला खोटारडा म्हणावं, हे त्यांना फार लागे. अक्काला खरं वाटलं पाहिजे, एवढी एकच इच्छा ह्या माणसाला आयुष्यात होती. ती सोडून बाकी सगळ्या इच्छा त्याने उकिरड्यावरच ठेवल्या असाव्यात.

मग एक दिवस आमच्या ह्यांनी पोस्टातून बातमी आणली. जळगावला शेतकी आणि हुन्नराचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्याच्या उद्घाटनाला जो गोरा इंजिनिअर येणार होता तो लढाईत बसऱ्याला विमानांच्या तळावर होता. झालं. नाना ताडकन उठले. त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची, जळगावला मांडायची, अक्काला मोटारीत घालून न्यायचं, आणि साहेब तिच्यासमोर म्हणेल, हेच ते विमान! मग अक्का काय बोलेल?

"मी बोलसू, साहेब बी खोटा," अक्का म्हणाली.

विमान होतं दुमजली पंखांचं, शत्रूच्या प्रदेशाची पाहणी करणारं. मागे वैमानिक बसे, पुढे दुसरा माणूस. नानांकडे ना नकाशा ना चित्र. होती फक्त आठवण आणि स्वतःचे हात. बसऱ्याला रिकामपणी त्यांनी ते विमान आपल्या हाताने मोजून ठेवलं होतं, पंख इतके हात, शेपूट इतके हात. आता प्रमाण ठरलं, एका हाताला दोन बोटं. हिशेब सुरेख होता. गोची एवढीच झाली की डावे पंख झाले पौषात आणि उजवे झाले वैशाखात. धुळ्याचा वैशाख म्हणजे माणसाची बोटं फुगून केळी होतात. त्याच फुगलेल्या बोटांनी मोजलेले उजवे पंख डाव्यांपेक्षा चांगले लांब निघाले. मी ते दाखवून दिलं, तेव्हा नानांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चालस. वारा समजी लेस."

बांबूच्या कामट्या ते कंदिलाच्या काचेवर शेकून वाकवत. वरचा पंख आणि खालचा पंख ह्यांच्यामध्ये काड्यांचे खांब, आणि खांबाखांबांतून तिरप्या पितळी तारा. ह्या तारांनी आम्हा सगळ्यांचा अंत पाहिला. एक आवळली की दुसरी ढिली पडायची, ती आवळली की पंखाला पीळ पडायचा, पीळ काढला की पहिली तुटायची. नाना प्रत्येक तार बोटाने छेडून कान लावून ऐकत. शाळेतून थकून आल्यावर मला तारेचं एक टोक धरून बसावं लागे. नखं गेली माझी त्यात. त्यातून मध्येच त्यांना काहीतरी आठवे, "अरे, आठे ते आनखी एक तार व्हती!" की सगळं विमान परत सुटं व्हायचं.

पंखांवर चढवलं होतं नानांचं जुनं मलमलचं धोतर. खऱ्या विमानाच्या कापडाला एक औषध फासतात, त्याने ते ढोलकीसारखं ताणून बसतं. ते औषध बसऱ्याला राहिलं. नाना फासत गव्हाच्या पिठाची खळ. उन्हात ती वाळली की कापड खरोखर टणटण वाजे. पण खळ म्हणजे शेवटी खाण्याचीच वस्तू. एकदा शेपटी भिंतीवर वाळत घातली होती, ती आबांच्या शेळीने खाल्ली. नानांनी डोकं धरून बसावं की नाही? नाना शेळीला उचलून जिनात घेऊन गेले आणि काट्यावर चढवून आले. "शेपूट पाव शेर व्हतं," आल्यावर समाधानाने म्हणाले, "आते हिसाब लागना." शेळीचं वजन त्यांना आधीपासून पाठ होतं, हे सांगायला नकोच.

वैमानिक करून दिला पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्या कुंभारणीने. त्याला शिंगं नव्हती, बाकी चेहरा बैलाचाच होता. पुढची जागा नानांनी रिकामी ठेवली. तिथे ते स्वतः बसले होते ना, आणि स्वतःची मूर्ती स्वतः करू नये म्हणाले.

असं करत करत विमान पुरं होत आलं ते श्रावणात. मंगळवारच्या मोटारीने पारोळ्यावरून जळगावला जायचं ठरलं. अक्काही "बघू" म्हणण्यापर्यंत आली होती. आणि मध्ये आली कानबाई.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट, त्यांच्या पिठालाही रोटच म्हणतात. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मूठ मूठ गहू काढतात, घरच्या जात्यावर दळतात. नियम घरोघरी थोडे वेगळे, पण अक्काच्या घरचा नियम लोखंडी होता. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. लेक दुसऱ्या घरी दिली की तिलाही नाही. कण बाहेर जाता कामा नये, आणि उरलं तर नदीत सोडायचं. आम्ही तर भाडेकरू, पुणे जिल्ह्यातले, सात पिढ्यांचे परके. रोट दळले की अक्का मला दारातूनच सांगे, "बाई, आते दोन दिन आमनाकडे चहा बी नही."

त्या शनिवारी झडीची हवा होती. ओलीने उजव्या पंखाचं कापड सैल पडलं, त्याबरोबर इथलं तिथलं आणखी कुठे कुठे. नाना कासावीस झाले. खळ करायला घेतली तर पिठाचा डबा रिकामा. कानबाईसाठी घर धुऊन पुसून सगळं जुनं पीठ संपवलेलं. अक्का आणि भाऊबंदांतल्या बायका फुलं आणायला बाहेर गेलेल्या. देवघराच्या कोपऱ्यात पितळी परातीत, पांढऱ्या फडक्याखाली, पीठ होतं. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते. आतून मला "कॉन्टॅक!" ऐकू आलं. त्यात नवल काय? मी तपासत राहिले.

रविवारी सकाळी अक्काने फडकं उचललं. पिठावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती, ती मोडली होती आणि मधोमध वाटीएवढा खड्डा. तिने हाक मारली, "उखा, परातमातलं पीठ?"

"कोनतं पीठ?" नानांनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने माखलेले होते.

पुढे जे झालं त्याला बोंबाबोंब म्हणतात. भाऊबंदांची सगळी घरं ओट्यावर गोळा झाली. विमान मध्ये ठेवलं. आबा फेटा सावरून बसले. मी आणि हे आमच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिलो, कारण परक्यांची पायरी तिथवरच होती.

"रोट भाऊबंदनी खावा," आबांनी निकाल दिला, "नही ते नदीमा सोडा. तिसरी वाट नही."

"आबा, ईमान कोन खाई?" नाना म्हणाले.

"मनी शेळीनी खादं व्हतं ना!"

शेळी आबांची म्हणजे भाऊबंदांतलीच, तेव्हा तिचं चालतं, असं त्यावर एका पुतण्याने सुचवलं. पण एकटी शेळी अख्खं विमान कधी संपवणार? दुसऱ्या एका पुतण्याने पंखाच्या कडेची वाळलेली खळ नखाने खरवडून जिभेवर ठेवली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "मीठ नही," तो म्हणाला. मग आबांनीच तोड काढली, विमान खिरीत भिजवावं आणि प्रत्येकाने तुकडा तुकडा घ्यावा. बायकांनी त्या कापडाकडे एकदा नीट पाहिलं. ते नानांचं धोतर होतं आणि नानांनी ते किती वर्षं नेसलं होतं हे गल्लीला ठाऊक होतं. ठराव तिथेच पडला.

आमच्या ह्यांना गप्प बसवेना. "त्या एका पंखाचंच कापड काढून नदीत सोडा की," ते उंबऱ्यावरून म्हणाले.

"बठ्ठाकडे ठिगळं लायेल शेत," नाना कसेबसे बोलले. रोट विमानभर झाला होता.

"जळगावले काचनी पेटीमा ठेवतीन, आबा. कोन्ही हात बी लावाव नही. मंग बाहेर गया कसा तो रोट?" नानांनी विचारलं.

आबा विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात अक्का बोलली, "आनि उंदीर? जळगावना उंदीर आपला भाऊबंद शे का?"

पुतण्यांनी माना डोलावल्या. मी मास्तरीण, पण मीही डोलावली.

तेव्हा नाना चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. विमान छातीशी धरून ते उभे राहिले. "मी मंगळवारे जास म्हंजे जास. कोन्ही आडं येऊ नका. कानबाईले समजी!"

अक्का उठली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू लागला.

"जाय. पन आयकी ले. तू बसराले व्हता, तवय तुनी चिठ्ठी नही, काही नही. आबा बोलनात, उखानी मूठ आते काढू नको, मरेलनी मूठ कानबाईले चालस नही. मी काढी. दरसाल काढी. आनि तुना वाटाना रोट मीच खादा. पोट फुगे, तरी खादा. दुसराले कसा देऊ?" ती थांबली. "आते ज्या मूठनं पीठ गयं, ती तुनीच मूठ समज. ती मूठ मी घरबाहेर जाऊ देवाव नही."

आबा जमिनीकडे बघायला लागले. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

नानांनी विमान हळूच खाली ठेवलं. "माले कधी सांगं नही तू," ते म्हणाले.

"त्यामा सांगानं काय?"

मग नाना आबांकडे बघून म्हणाले, "दोन मन. अक्कल छटाकभर." आणि अक्काला म्हणाले, "सकाळे कवय निघनं शे नदीवर?"

सोमवारी ढोल वाजायला लागले. पुढे अक्काच्या डोक्यावर कानबाई, भोवती बायकांच्या फुगड्या, आणि मागून नाना, डोक्यावर तिवईवर ठेवलेलं विमान घेऊन, दुसरी देवी असावी तसे. रस्त्यात लोक दोन्हींना हात जोडत होते. एका म्हातारीने विमानाच्या पंख्याला कुंकू लावलं आणि मातीच्या वैमानिकासमोर दोन फुलं ठेवली. हा कोण देव, असं तिने विचारलंही नाही.

पांझरेला पाणी चांगलं होतं. आरती झाली, कानबाई पाण्यात गेली. आबा म्हणाले, "आते हाई ठेव पानीमा."

"पानीमा ठेवाव नही," नाना म्हणाले. "हवामा सोडसू. पडी ते पानीमाच पडी. मंग ते झालंच ना?" ह्यात नियमाला काही धक्का बसतो का, ते आबांना चटकन सुचलं नाही, म्हणून त्यांनी मान हलवली.

नानांनी धोतराचा सोगा वर धरून वारा पाहिला. विमान दोन बोटांवर तोललं. नाक वर, शेपूट खाली. त्यांनी वाकून काठावरचा एक गोटा उचलला, तळहातावर जोखला, फेकून दिला. दुसरा उचलला. तो पुढच्या रिकाम्या जागेत नीट बसवला आणि विमान परत तोललं. आता ते सरळ राहिलं.

अक्का जवळच उभी होती. "हाऊ कोन?" तिने गोट्याकडे बोट दाखवून विचारलं.

नाना गोट्याकडे बघत राहिले. कानशिलं लाल झाली त्यांची.

"हाऊ मी," ते म्हणाले.

"तू? गोटा?"

"पुढे वजन नही ऱ्हायनं ते ईमान नाक वर करस आनि पडस. पुढला मानूस नही ऱ्हायना, का तठे वाळूनं पोतं बांधेत. त्या दिन पोतं फाटी गयं. साहेबनी आम्हना बठ्ठासकडे देखं आनि माले बोट दखाडं." नानांनी गोटा पुन्हा सारखा केला. "साहेब बोलना ते खरं शे. तू बठना नही ते उडाव नही. पन पोतं म्हनीसन बठाडं माले, अक्का."

"आनि पापड? बसराना?"

"डोया मिटेल व्हतात. बसरा मी जहाजवरतून देखेल शे."

पहिल्यांदा हसले आबा. मग सगळी नदी हसली. ढोलवाले ढोल खाली ठेवून हसले. आबांचा फेटा तर गदगदा हलत होता. "पोतं! उखा पोतं!" पुतणे ओरडायला लागले. नाना विमान धरून तसेच उभे, मान खाली. मला त्यांच्याकडे बघवेना.

अक्का हसली नाही. ती दिराकडे एकटक बघत होती, आणि हसणं थोडं ओसरल्यावर म्हणाली, "मंग खरं शे."

"काय खरं?" आबा म्हणाले.

"खोटं बोलनारा सोताले साहेब म्हनी, राजा म्हनी. पोतं कोन म्हनी?" ती नानांकडे वळली. "तू बठेल शे रे ईमानमा. खरंच बठेल शे!"

नानांचा चेहरा मला अजून दिसतो. इतका आनंद झालेला माणूस इतका बावळट दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी विमान डोक्यावर उचललं, तोंड उघडलं आणि नेहमीचा शब्द काही बाहेर पडेना. गळाच बसला होता. दोनदा प्रयत्न केला, नुसती हवा.

तेव्हा अक्काने पदर खोचला आणि पांझरेच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडली, "कॉन्टॅक!"

"कॉन्टॅक!" सगळे भाऊबंद ओरडले. आम्हीही ओरडलो, परके असून.

नानांनी विमान सोडलं. आणि ते उडलं! देवाशपथ उडलं. सरळ पाण्यावर गेलं, मग पौषातले डावे पंख आणि वैशाखातले उजवे ह्यांचं जमेना, म्हणून डावीकडे कलायला लागलं. कलता कलता चांगलं वळण घेऊन आमच्याकडेच परत आलं. बायका किंचाळत खाली बसल्या. आबांना तेवढा वेळ मिळाला नाही. विमानाने त्यांचा फेटा अलगद उचलला, थोडा पुढे नेला आणि दोघंही पांझरेत पडले. फेटा तरंगत राहिला. विमान हळूहळू भिजलं, बैलाच्या तोंडाचा वैमानिक विरघळला, आणि गोटा सगळं घेऊन खाली गेला.

"भाऊबंदनाच फेटा शे," अक्का म्हणाली. "चालस."

जळगावच्या प्रदर्शनात त्या वर्षी पहिलं बक्षीस भरिताच्या एका वांग्याला मिळालं. साहेबाने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला म्हणतात. नानांनी बातमी ऐकली आणि वांग्याचं वजन तेवढं विचारलं.

मी उखानानांना शेवटचं पाहिलं ते आमची बदली नाशिकला झाली तेव्हा. दुसरं महायुद्ध चालू होतं. टांग्यात सामान चढवून झालं होतं. ओट्यावर अक्का गल्लीतल्या नव्या सुनांना घेऊन बसली होती. आता पार वाकली होती ती. तेवढ्यात आकाशात घरघर झाली. त्या दिवसांत कधीकधी विमानं जात. सगळ्यांनी वर माना केल्या.

"आसंच ईमान चालाडे मना दीर," अक्का सुनांना सांगू लागली. "बसराले. साहेब नुसता मांगे बठे. त्याले काय येस?"

नाना खांबाला टेकून शेंगा सोलत होते, ते धडपडून उठले. "अक्का! पोतं व्हतो मी, पोतं!"

"देखा," अक्का म्हणाली, "आसा शे तो. सोतानी बढाई त्याले कधीच आवडनी नही."

सुना मोठ्या आदराने नानांकडे बघायला लागल्या. एकीने तर डोक्यावरचा पदर सारखा केला. आमचा टांगा वळला. वळणावरून मी मागे पाहिलं, तर नाना ओट्याच्या कडेला उभे होते आणि दोन्ही हात हलवत होते. मला निरोप देत असतील म्हणून मीही हात हलवला. पण त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते सुनांना समजावत होते. "पोतं व्हतो वं, माय," ते काकुळतीला येऊन सांगत होते, "वाळूनं पोतं!" आणि कुणाला ते खरं वाटत नव्हतं.